मारबतीत नाग नदीचा बडग्या काढून काही होते का? खरं सांगा

वाड्यातली_पोट्टी

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या मोहल्ल्यातले पोट्टे दरवर्षी मारबतीला बडग्या काढतात. बाहेरगावच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी मारबत अन् पिवळी मारबत निघते आणि त्यांच्या मागेपुढे हे बडगे, म्हणजे बांबू-कागदाचे मोठाले पुतळे, ज्या गोष्टीचा राग असेल तिचे. कधी महागाईचा, कधी पेपरफुटीचा, कधी एखाद्या देशाचा. तर ह्या वर्षी पोट्ट्यांनी विषय ठरवला नाग नदी. दहा तोंडांचा प्लास्टिकचा राक्षस करायचा म्हणतात, अन् मी शाळेत मराठी शिकवते म्हणून स्लोगन लिहायचं काम माझ्याकडे.

आता लिहायला बसले तर मनात एकच येऊन राहिलं, की ह्यानं होणार काय?

२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र तुम्हाला आठवतच असेल. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला होता ती. आम्ही ग्राउंड फ्लोअरला राहतो, पहाटे जाग आली ती पलंगाखाली पाण्याचा आवाज ऐकून, फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, सासूबाईंना जिन्यावर नेऊन बसवलं तर त्या एकच म्हणत होत्या देवघरातला दिवा विझला का बघ. तर गंमत अशी की त्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर सगळे लिहीत होते "नदी घरात शिरली", "नदीनं कंपाउंड पाडलं". पुढचा महिनाभर नदीच. नुकसानीच्या अर्जातसुद्धा नदी. मग दिवाळी झाली, चिखल धुतला, नवे सोफे आले आणि हळूच परत "नाल्याचा वास येतो", "नाल्याकडची खिडकी लावून घ्या". म्हणजे ती आपल्या अंगावर आली की नदी आणि आपण तिच्या अंगावर काही टाकलं की नाला. माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला शाळेत "आपल्या शहरातील नदी" वर पाच ओळी लिहायच्या होत्या तर म्हणते आई नागपुरात नदी कुठे आहे? खिडकीतून दिसते हो तिला ती!

म्हणून विचारते. गोष्ट, पुतळा, नाव, स्लोगन ह्यानं लोक खरंच बदलतात का? का ही फक्त वाफ काढायची सोय आहे, की वर्षातून एक दिवस शिव्या द्या, जाळा, घरी येऊन पुरणपोळी खा. भ्रष्टाचाराचे बडगे मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून पाहून राहिले, भ्रष्टाचार तर काही जळला नाही.

इतवारीचा_काका

पोरी प्रश्न बरोबर हाये तुह्या. मी माह्या बापाच्या खांद्यावर बसून मारबत पाह्यली, आता नातवाले खांद्यावर घेतो, म्हणून दोन शब्द.

काळी मारबत १८८१ पासून अन् पिवळी १८८५ पासून निघते असं आमच्याकडे सांगतात. काळीची गोष्ट बांकाबाईची, भोसल्यांच्या घरातली, तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून लोकांनी तिचा पुतळा काढला म्हणतात. म्हंजे सुरुवातच पहा ना, ज्याच्याबद्दल उघड बोलता येत नव्हतं त्याची गोष्ट करून रस्त्यावर नाचवली. वाफ काढायची सोय म्हणतेस तं हो, हाये ती. पण शंभर-सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोक दरवर्षी न बोलावता येऊन राह्यले, हे काही साधं नाही.

पण मले तुले दुसरंच सांगायचं हाये. आमी लहानपणी काय ओरडायचो? "राई-रोग, खासी-खोकला, घेऊन जा गे मारबत!" गावाकडे पोळ्याले दाराशी पळसाच्या फांद्या ठेवत, मेढे म्हणतात त्याले, अन् दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून गावाच्या शिवेबाहेर फेकायच्या, हेच ओरडत. कॉलरा, देवी, हिवताप, औषध नव्हतं तेव्हा माणसानं करायचं काय, तं जे वाईट हाये ते शिवेबाहेर पाठवायचं. त्या काळाले ती गोष्ट ठीक होती.

आता तूच पहा. नदीत पिशवी फेकणारा माणूस काय करते? तो बी मनातल्या मनात हेच म्हणते, घेऊन जा गे. त्याले वाटते गेलं. म्हणून तुह्या राक्षसाबद्दल मले शंका हाये. राक्षस केला की लोक म्हणतील हा कोणी दुसरा हाये, जाळा त्याले. जाळतील. अन् येताना पुलावरून निर्माल्याची थैली टाकून येतील.

वाड्यातली_पोट्टी

काका हे डोक्यातच नव्हतं आलं माझ्या. थांबा, विचार करते.

पाइपलाइन_मास्टर

सॉरी पण मी थोडं कडू बोलणार आहे, सांडपाण्याच्या लाइनमध्ये वीस वर्षं काढली आहेत त्यामुळे हक्क आहे समजा.

नदी घाण आहे ती लोक तिला नाला म्हणतात म्हणून नाही, तिच्यात मैला जातो म्हणून आहे. प्लास्टिक दिसतं म्हणून सगळे प्लास्टिकचा राक्षस करतात, पण प्लास्टिक जाळी लावून, पोकलेन लावून काढता येतं, दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोरा नदीतून गाळ-कचरा काढतातच. खरा प्रॉब्लेम पाण्यात विरघळलेला आहे, तो फोटोत येत नाही. घराघरातलं सांडपाणी गटारलाइनमध्ये जायला पाहिजे, तिथून एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला, शुद्ध होऊन मग बाहेर. जिथे लाइनच नाही किंवा फुटली किंवा कोणी शॉर्टकट मारून पावसाळी नालीत पाइप सोडला तिथे ते सरळ नदीत. केंद्राने नाग नदीसाठी जवळपास दोन हजार कोटींचा प्रोजेक्ट मंजूर केला, जपानच्या जायका ह्या सरकारी संस्थेचं कर्ज आहे त्यात, तो ह्याच कामासाठी, लाइना आणि प्लांट. स्लोगनसाठी नाही.

आणि माहिती नाही म्हणून होत नाही असंही नाही. नीरी इथेच आहे, १९५८ पासून, म्हणजे पाण्याच्या प्रदूषणावर देशातली मोठी लॅब आपल्या गावात. माहितीचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता.

गोष्टींवर माझा विश्वास का नाही ते सांगतो. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका ऑटोमॅटिक वेदर स्टेशनवर ५६ डिग्री दाखवलं होतं, आठवतं? माझ्या अमेरिकेतल्या भाच्याचा फोन, मामा जिवंत आहात ना! नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बरोबर नव्हता. ते किती जणांनी फॉरवर्ड केलं? एकानंही नाही. आपला खरा रेकॉर्ड २३ मे २०१३ चा, ४७.९. तो काय कमी आहे? पण त्याची कोणी गोष्ट करत नाही, उलट म्हणतात नवतपा आहे, म्हणजे मे अखेरचे तापायचे नऊ दिवस, तापलाच पाहिजे, तापला तर पाऊस चांगला. झालं, संपलं, झाडं लावायची गरज नाही.

तरी एक कबूल करतो. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी पाइपानं कोराडीच्या वीज केंद्राला जातं, १३० एमएलडीचा प्रोजेक्ट आहे, एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. हे लोकांना सांगितलं की चेहरा बदलतो, अरे म्हणजे आपल्या संडासच्या पाण्यावर लाइट लागते? ज्याला घाण म्हणत होते त्याला एकदम "आपलं पाणी" म्हणायला लागतात. ही गोष्ट असेल तर असेल बाबा.

वैनगंगेचा_भाचा

काकांनी शिवेबाहेर म्हटलं ना, ती शिव जिथं संपते तिथून लिहून राहिलो.

माझं आजोळ भंडाऱ्याकडे, वैनगंगेच्या काठावर, मामालोक ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे. नाग नदी तुमच्याकडून निघून कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, अन् मग सगळं पाणी गोसीखुर्दच्या धरणात येऊन थांबते. थांबते हे महत्त्वाचं आहे. वाहत्या पाण्यात घाण पुढे जाते तरी, इथं धरण आहे, ती बसून राहते. धरणाचं भूमिपूजन १९८८ चं. तेव्हाची गोष्ट काय होती माहिती आहे? की विदर्भ हिरवा होईल. घरं गेली, शेतं गेली, मामांना सांगितलं मासोळी भरपूर होईल तलावात. पाणी आलं, पण सोबत तुमचं नागपूरपण आलं.

मामा सांगतो पूर्वी डोंग्यात बसल्या बसल्या ओंजळीनं पाणी प्यायचे. आता बाजारात टोपली घेऊन बसलं की गिऱ्हाईक आधी विचारते कोणत्या बाजूची मासोळी आहे, नागपूरच्या पाण्याची तर नाही ना? आता मासोळीवर काय लिहिलेलं असते का बाप्पा? मामी मग खोटं सांगते, आमच्या बोडीतली, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातली आहे म्हणते. म्हणजे बघा तुमची नदी, अन् तिचं नाव लपवायला लागते आमच्या मामीले.

मी स्वतः नागपुरात शिकलो, सहा वर्षं रूमवर राहिलो, पुलावरून रोज गेलो, नाकाला रुमाल लावून. एकदाही डोक्यात आलं नाही की हे मामाकडे जाऊन राहिलं! ज्या दिवशी आलं त्या दिवसापासून मी भांड्यातलं तेल मोरीत ओतत नाही. त्यानं नदी साफ होत नाही हे मलेबी समजते, मास्टर लगेच धावून येऊ नका. पण माझ्यापुरतं तरी "घेऊन जा" बंद झालं. कारण कोणाकडे नेते ते माहीत झालं.

पाइपलाइन_मास्टर

नाही धावत. तेल ओतत नाही हे मात्र खरंच चांगलं करता, लाइन तुंबायचं अर्धं कारण ते आहे.

इंदोऱ्याची_लेक

मी साधारणतः वाचून निघून जाते पण ह्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गोष्टीनं माणूस बदलते का विचारता, तर ह्याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोक बदलले. अन् नागपूरच का, हे बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या, १५ तारखेच्या भाषणात सांगितलं होतं. लोक म्हणत होते आरएसएस इथं आहे म्हणून निवडलं, तर ते म्हणाले तसं नाही, बौद्ध धर्म पसरवला नाग लोकांनी, ते ह्या भागात राहत होते, इथून वाहणाऱ्या नदीचं नावसुद्धा नाग. म्हणजे हीच नदी बरं का, जिला आपण नाला म्हणतो. ज्यांना गावानं शिवेबाहेर ठेवलं होतं त्यांना सांगितलं की तुम्ही बाहेरचे नाही, ह्या जागेचं नावच तुमच्यावरून आहे. एका नदीच्या नावात एवढं होतं.

पण नुसतं ऐकून झालं नाही, हे माझ्या आजीमुळे माहीत आहे मले. ती दीक्षाभूमीवर होती, पायी आली होती गावाहून, कडेवर माझे मोठे मामा. ती म्हणायची भाषण मला मागे बसून सगळं ऐकू नाही आलं, पण बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या. गावाला परत गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं हे माहीत होतं. देवघर रिकामं केलं. कोणाचं ढोर मेलं, निरोप आला ओढायला या, तर आजोबांनी नाही म्हटलं. त्याचा त्रास झाला, काम मिळालं नाही, किती महिने ते आजी कधी सांगत नव्हती, विषय बदलायची. पण पोरं शाळेत गेली. आजीला लिहिता येत नव्हतं, माझी आई नर्स होऊन रिटायर झाली.

मला वाटते फरक इथं आहे. पावसात भिजल्यासारखी गोष्ट असते, ऐकली, अंग ओलं झालं, वाळलं. आणि एक असते ती सकाळी उठल्यावर हातात काम देते आणि एखाद्या कामाला नाही म्हणायला लावते. तुमच्या बडग्याकडे बघून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करणार, किंवा काय करणार नाही, हे स्लोगनमध्ये नसेल तर काकांचं बरोबर आहे, जळेल अन् संपेल.

इतवारीचा_काका

ताई, आजीले माह्या नमस्कार सांगा. असतील तं.

इंदोऱ्याची_लेक

नाहीत काका. पण सांगते 🙂

कडुनिंब_७७

नावावरून आठवलं, अजनीच्या रेल्वे कॉलनीतली झाडं. तिथं मोठं इंटरमोडल स्टेशन, म्हणजे रेल्वे-बस सगळं एका जागी, करायचं ठरलं तेव्हा कागदावर ती जागा म्हणजे जुने क्वार्टर आणि मध्ये "काही झाडं" एवढंच. मग २०२०-२१ च्या सुमारास लोकांनी तिला "अजनी वन" म्हणायला सुरुवात केली आणि खेळच बदलला. क्वार्टर पाडायला कोणाला काय वाटणार, वन तोडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. शनिवार-रविवार लोक पोरंबाळं घेऊन झाडं मोजायला जायचे, मीपण गेलो, एका कडुनिंबाला मिठी मारून फोटो काढला अन् मुंग्या चावल्या. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर बेंचपर्यंत गेलं. मास्टर म्हणतील कोर्टामुळे झालं. अहो पण कोर्टात जायला लोक लागतात, अन् लोक जमले ते त्या एका शब्दाने.

राळेगावकर_सध्या_नागपूर

एक उलटी बाजू मांडतो, शिव्या पडल्या तरी चालेल.

२०१८ ला आमच्या पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघीण होती, जिला पेपरवाल्यांनी अवनी केलं. मी तेव्हा गावीच होतो. मोबाईलवर उघडलं की दिसायचं, दोन पिल्लांची आई, वाचवा तिला. सुंदर फोटो. आमच्याकडे कोणी तिला अवनी म्हणत नव्हतं, "ते" म्हणत होते, नाव घ्यायची भीती. तुरीत डवरणी करायला बाया जाईनात, कपाशी वेचायला माणूस मिळेना, मिळाला तर चार जणांनी राखण करायची हातात काठ्या घेऊन, सांजच्याला पाच वाजता गाव बंद. नोव्हेंबरमध्ये ती मारली गेली. इकडे नागपूर-मुंबईत मेणबत्त्या, तिकडे गावात फटाके. मी दोन्ही व्हिडिओ एकाच फोनवर पाहिले.

ती मारायला नको होती का, तिचं जंगल आधी कोणी खाल्लं, हे वेगळं, त्यावर मी स्वतःशी अजून भांडतो. पण नाव दिलं, आई म्हटलं, की शहरातल्या माणसाला ती दिसली आणि वेचणारी बाई दिसायची बंद झाली. अजनी वनवाल्या भाऊंना चांगला अनुभव आला, मान्य. पण गोष्ट कोण सांगून राहिला आणि तो कुठं राहतो हे आधी पाहा. नाग नदीची गोष्ट काठावरच्या झोपडपट्टीला धरून सांगू नका एवढंच. ह्या विषयावरचे बडगे मी पाहिले आहेत, कचरा टाकणारी म्हणून नेहमी फाटक्या लुगड्यातली बाई काढतात. फ्लॅटवाला कधीच नसतो.

पाइपलाइन_मास्टर

ह्याला मात्र शंभर टक्के. माझ्या वीस वर्षांत सरळ नदीत सोडलेले सगळ्यात जाड पाइप मी झोपडपट्टीत नाही पाहिले.

@वाड्यातली_पोट्टी ताई, एक काम करा. स्लोगन नंतर. आधी तुमच्या स्वतःच्या बिल्डिंगचा पाइप कुठं जातो ते बघा. अगदी सोपं आहे, वरच्या मजल्यावरून संडासात थोडा हळदीचा किंवा कपड्याच्या रंगाचा घट्ट कालवा ओता, दोन-तीनदा फ्लश करा आणि एका पोट्ट्याला मागच्या नालीजवळ उभा करा. रंग गटाराच्या चेंबरमध्ये दिसला तर पास. नालीत दिसला तर मला सांगा.

वाड्यातली_पोट्टी

मंडळी, चार दिवसांनी येते आहे. सॉरी, युनिट टेस्टचे पेपर होते.

मास्टर, केलं. रविवारी सकाळी. तिसऱ्या मजल्यावरून रांगोळीचा जांभळा रंग ओतला, मंडळाचे चार पोट्टे खाली, एक चेंबरजवळ, तिघं मागे. पाच मिनिटं काही नाही. मग मागून ओरडले, "ताई, जांभळं!" नालीत. आणि ती नाली कुठे जाते हे तर माझ्या खिडकीतूनच दिसते.

म्हणजे तीन मजले, बारा घरं, इतकी वर्षं. अन् मी इथं येऊन तुम्हाला विचारते की लोक बदलतात का! पुराच्या रात्री जे पाणी माझ्या देवघरात आलं त्यात थोडं माझंही होतं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही नीट, सासूबाईंना अजून सांगितलं नाही.

सोसायटीची मीटिंग झाली. अर्धे म्हणाले बिल्डरनं केलं, आपला काय दोष. एक काकू म्हणाल्या सगळ्यांच्याच बिल्डिंगचं तसं असेल. पण सगळ्यांत जास्त भांडले ते मंडळाचे पोट्टे, ज्यांना मीटिंगला यायचा अधिकारसुद्धा नव्हता. लाइन जोडायचा खर्च प्लंबरनं सांगितला तो प्रत्येक घराला जड नाही, पण रस्ता खोदायची परवानगी लागते, त्यासाठी अर्ज द्यायचा आहे, मास्टर मसुदा बघाल का? मेसेज करते.

बडग्याचंही बदललं. राक्षस कॅन्सल. आता एक फ्लॅटवाला माणूस आहे, बनियन-बर्म्युडा, बाल्कनीत उभा. हातात थैली, तिला दोरी. पोट्टा मागून दोरी ओढतो, थैली पुढे जाते, सगळे "घेऊन जा गे मारबत" ओरडतात, अन् थैली गर्रकन परत येऊन त्याच्याच टाळक्यात बसते. ट्रायलमध्ये दोनदा तुटली. पाठीमागे बाल्कनीखालून जांभळा पाइप, तो गाडीभर लांब, आणि शेवटच्या टोकाला डोंगा, त्यात बसलेली मामी. भाच्यांनो, परवानगी आहे ना? फाटक्या लुगड्यातली कोणी नाही, राळेगावकर.

स्लोगन एकच ठेवलं, काकांवरून चोरलं: "नेशील कुठं गे मारबत?" आणि खाली छोट्या अक्षरात, इंदोऱ्याच्या ताईंचं ऐकून, "तुमच्या घरचा पाइप कुठं जातो? रंग टाकून बघा." रंगाच्या पुड्या वाटायच्या का गर्दीत, ह्यावर वाद सुरू आहे, गुलालासारखे उधळतील म्हणतात.

वैनगंगेचा_भाचा

परवानगी आहे. मामीच्या टोपलीत मासोळी ठेवा फक्त, रिकामी टोपली पाहून रागवेल ती.

पाइपलाइन_मास्टर

मसुदा पाठवा. अन् बडग्या थर्माकोलचा करू नका, जाळणार आहात तो. कागद, बांबू, खळ. पुड्यांमध्ये खाण्याचाच रंग भरा.

इतवारीचा_काका

बांबू मी देतो, माह्या ओळखीचा बुरूड हाये, भाव बरोबर लावते. पण पोरी एक सांग, त्या फ्लॅटवाल्याले चेहरा कोणाचा देऊन राह्यले?

वाड्यातली_पोट्टी

तोच तर घोळ आहे काका. पोट्ट्यांनी चष्मा आणि मिशी लावली, आता आमचे सेक्रेटरी म्हणतात तो मीच आहे, मिशी काढा नाही तर अर्जावर सही करत नाही.